बाहेरून काळी खिडकी

माय,

काल माझ्या लेकीचं लग्न लागलं. कान पिळायची वेळ आली तेव्हा तुझ्या नातवाने नव्या जावयाचा कान असा पिरगाळला, की तो बिचारा पागोटं सांभाळत ओरडलाच. सगळा मांडव हसला. मीही हसलो, आणि हसता हसता एकदम तू आठवलीस. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. तुला अक्षरओळख नव्हती, मीही मापं टिपण्यापुरतंच लिहायला शिकलो, तरी आज लिहायला बसलो आहे. कारण माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तो कान पिळायचा मान माझा होता आणि मी तिथे नव्हतो.

ती वर्षंच वेगळी होती. अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. जन्मभर शेणाने भिंती सारवणाऱ्यांनी हवेल्या बांधायला काढल्या, आणि एका शेठने रंगीत काचांची खिडकी बसवली की शेजारच्या शेठची झोप उडायची. आपण पातूरचे फुलं-भाजी पिकवणारे, आपल्याला त्याचं काय! पण दसऱ्याचा झेंडू घेऊन आपण अकोल्याला गेलो होतो, तिथे एका नव्या घरासमोर मुंबईहून आलेला मिस्त्री काच कापत बसला होता, आणि मी टोपली खाली ठेवून पाहतच राहिलो. तू शोधत आलीस तोवर अर्धा झेंडू गाईने खाल्ला होता. भर बाजारात माझ्या पाठीत धपाटा घातलास. "काय पाह्यून राहिला रे येवढं?" मी म्हणालो, "माय, उन्हाले रंग येऊन राहिला पाय." तू पाहिलंस, आणि नाक मुरडून उरलेली फुलं विकायला गेलीस. महिन्याभराने मिस्त्रीने मला हाताखाली घेतलं, तेव्हा मात्र धुवून धुवून मऊ झालेलं तुझं एक लुगडं फाडून त्याचे फडके माझ्या गाठोड्यात घातलेस. म्हणालीस, "काचा पुसाले कामी येतीन."

कामी आले, माय. हिरकणीने, म्हणजे हिऱ्याच्या कणीने, काच कापायची, तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, सांधे कथलाने जोडायचे आणि शेवटी प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी पुसायचा. मिस्त्रीचे स्वतःचे फडके काचेवर ओरखडे काढायचे, म्हणून तोही तुझेच मागायचा. मला हे काम जमलं. उगाच नम्रपणा कशाला करू, चांगलं जमलं. निळ्याशेजारी कोणता पिवळा ठेवला की दोन्ही उठून दिसतात हे मिस्त्रीने मला शिकवलं नाही, मी ते आपल्या फुलांच्या वाफ्यांतून घेऊन गेलो होतो. पण शेठ लोकांना खिडकी नेहमी सणाच्या आत हवी असायची, म्हणजे त्यांचा सण साजरा व्हायचा आणि आपला बुडायचा. पोळा गेला, महालक्ष्म्या गेल्या, एका दिवाळीला मी पोचलो तो भाऊबीज उलटून गेल्यावर. धाकटीने ओवाळायचं ताट तसंच झाकून ठेवलं होतं. तू भांडी जरा जोरात आपटलीस.

मग वैशाखात तिचं लग्न ठरलं. अमरावतीच्या ज्या हवेलीत आम्ही काम करत होतो, त्या शेठच्या मुलाचं लग्नही त्याच तिथीचं निघालं. मुहूर्त काय, सगळ्यांना तेच. मी आठ दिवस आधी निघणार होतो, पण मिस्त्री तापाने फणफणला. दिवाणखान्याची पश्चिमेची मोठी खिडकी अर्धी राहिली होती. ती मी एकट्याने पुरी केली. मोर, दोन बाजूंना वेली, वर सूर्य. लग्नाच्या दिवशी ऊन कलल्यावर तो मोर दिवाणखान्याच्या पांढऱ्या फरशीवर उतरला आणि बायकांचं आवरणंसावरणं थांबलं. मला तेव्हा काय वाटलं ते सांगितलं तर तू म्हणशील, पोराला गर्व झाला. झालाच होता. त्याच घटकेला पातूरला चुलतभाऊ माझ्या मेव्हण्याचा कान पिळत होता.

पंधरा दिवसांनी तू अमरावतीला आलीस. कुणाच्या तरी कापसाच्या गाडीवर बसून, चार दिवसांचा रस्ता कापत, फडक्यात लग्नातले लाडू बांधून. भर दुपार होती. मी तुला रस्त्यावरून बोट दाखवून म्हणालो, "थे पाय माय, माह्यी खिडकी." तू डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलंस. रंगीत काच बाहेरून दिवसा काळीठिक्कर दिसते, उजेड आरपार यायला माणूस आत असावा लागतो. हे मला रोजचं झालं होतं, म्हणून तुला सांगायचं सुचलंच नाही.

"कुठी हाय मोर? मले तं काळं तावदान दिसून राहिलं."

"आतून दिसते माय थे. आत उजेड पडते."

"मंग चाल ना आत."

"आत नाही सोडत ते लोक."

तू लाडवांचं फडकं माझ्या हातात दिलंस. "येवढ्या काळ्या खिडकीपायी तू बहिणीच्या लग्नाले नाही आला?" इतकंच म्हणालीस आणि त्याच गाडीने परत गेलीस. ते लाडू मला गिळवेनात. शेवटी मिस्त्रीने खाल्ले.

त्या भादव्यात मी कुणालाही न विचारता पातूरला आलो, महालक्ष्म्यांच्या तीन दिवस आधी. सोबत कापून उरलेल्या तुकड्यांची पेटी होती. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीला मी पहार लावली तेव्हा तू पिठाच्या हातांनी धावत आलीस. "भिंत कावून फोडून राहिला? याड लागलं काय तुले?" दोन दिवस मी ऐकून घेतलं. हातभर लांबीची खिडकी, मोर नाही, सूर्य नाही, नुसती झेंडूची फुलं, कारण तुकड्यांत पिवळा आणि नारिंगीच जास्त होता. महालक्ष्म्या जेवायच्या दिवशी पावसाने उघडीप दिली. तू पुरण वाटत होतीस आणि ऊन आत आलं. तुझ्या हातांवर, पाट्यावर, भाज्यांच्या टोपल्यांवर झेंडू पसरला. तुझा हात थांबला. मग तू उठलीस आणि मांडलेल्या महालक्ष्म्या पाटासकट सरकवून त्या उजेडात आणल्यास. मांडलेल्या देवाला हलवत नाहीत म्हणून आत्या कुरकुरली. तू म्हणालीस, "लक्ष्मीले काय फुलं नको?"

जेवणं झाल्यावर मला विचारलंस, "हवेलीतली अशीच हाय काय?"

"मोठी हाय. पण रंग हेच."

"मंग पाह्यलीच म्हन मी."

त्या दिवसापासून मी नेम केला. काम घेताना शेठला आधी सांगायचं: पोळा, महालक्ष्म्या आणि भाऊबीज, या दिवसांत काचेला हात लागणार नाही. अकोल्याचा एक शेठ चिडला, दुसरा कारागीर शोधायला गेला, आणि फिरून माझ्याकडेच आला. पुढे कापसाचा भाव पडला, हवेल्या अर्ध्या राहिल्या, पण माझं काम थांबलं नाही. आज अमरावती-अकोल्यात माझ्या हातच्या खिडक्या मला बोटांवर मोजता येत नाहीत, आणि एकही सण चुकलेला नाही. काल मांडवात पोराने कान पिळला तेव्हा मी समोर उभा होतो, हे तुला सांगायचं होतं.

आणि आणखी एक. तू हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला ती खिडकी दाखवायचीस आणि म्हणायचीस, "याच्याहून मोठी हाय त्याची, अमरावतीले. पण ते लोक आत नाही सोडत, नाही तं मी पाह्यली असती." वर्षानुवर्षं म्हणालीस. मी तिथेच बसलेला असायचो.

अमरावतीच्या त्या दुपारी तू निंबाखाली गाडीवरून उतरत होतीस, तेव्हा हवेलीच्या ओट्यावर बसलेल्या मुनीमजींनी मला विचारलं होतं, "कोण आली रे?" प्रवासाच्या धुळीने तुझं लुगडं मळलं होतं, खांद्यावर ठिगळ होतं. मी म्हणालो, "गावाकडची फुलंवाली हाय." ते म्हणाले, "मग ने की आत, दाखव तिले. शेठ बाहेरगावी हायेत." मी म्हणालो, "तिले घाई हाय."

तेव्हा माझ्या खांद्यावर तुझ्याच लुगड्याचा फडका होता, माय. आणि दार उघडं होतं.