दुसरा अंतरा कोणाचा?

लोणार, मंगळवार संध्याकाळ

आज भजनाच्या क्लासला कमलकाकू नव्हत्या, ताप आहे त्यांना. मी रोज त्यांच्याच शेजारी बसते. पहिला अंतरा आम्ही साऱ्याजणींनी दणक्यात म्हटला. दुसऱ्याला मी तोंड उघडलं आणि शब्दच नाहीत! महिनाभर म्हणतेय की तो. म्हणतेय, का काकूंच्या आवाजामागे नुसती फरफटतेय? आणि एकटी मीच नाही, आमची अख्खी रांग गप्प. सर थोडा वेळ पेटी वाजवत राहिले, मग म्हणाले, "काऊन, गाणं काकूसोबत घरी राह्यलं का?"

शनिवारी देवळात म्हणायचंय हे. मला काही चैन पडेना. येताना काकूंकडे गेले, म्हटलं, दुसरा अंतरा तेवढा शिकवा. काकू गोधडीतून उठून बसल्या.

"मले कुठं येते व माय? तुहे ओठ पाहून तं मी म्हनते!"

हसून हसून त्यांना खोकला लागला. पण घरी आल्यापासून माझ्या डोक्यात तेच. मी त्यांच्या भरवशावर, त्या माझ्या. मग महिनाभर तो दुसरा अंतरा इतका सुरेख म्हणत कोण होतं?