बांधावरचा पांढरा फराटा

शनिवार, संध्याकाळ. पाचोरा.

चित्र अजून वाळलेलं नाही. जवसाचं तेल संपलं होतं, म्हणून मी रंगात स्वयंपाकातलं शेंगदाण्याचं तेल घातलं. तेल ते तेल, एवढीच माझी अक्कल! क्लासचे सर आज फोनवर हसले. म्हणाले, "ताई, ते जन्मात वाळणार नाही. सगळं खरवडून काढा."

काढलंही असतं. पण तो पांढरा फराटा.

आमच्याच कपाशीच्या शेताचं चित्र. बांधावर ऊन दाखवायचं म्हणून ब्रश एकदा ओढला, बस्स. जवळून नुसता रंग. दाराशी जाऊन पाहिलं की तिथे कोणीतरी उभं. कोणीतरी काय, दीपकच. माझा धाकटा भाऊ. त्याच बांधावर मोटर सुरू करताना शॉक लागून गेला. मी हे मुद्दाम केलं का? नाही. नाहीच बहुतेक.

आईला मी यातलं काही बोलले नव्हते. आज सुरी घेऊन चित्रापुढे बसले, तर मागून दारातून तिचा आवाज आला, "त्याले नको पुसू माय. आत्तेच उना शे तो."

आत्ताच आलाय म्हणे.

सुरी ठेवून दिली. आई तिथेच दाराशी खुर्ची घेऊन बसली आहे. जवळ येत नाही. तिलाही कळलंय, जवळ आलं की तो राहत नाही.

मघाशी फराट्याला हळूच बोट लावून पाहिलं. ओलाच आहे. आणि मला बरं वाटलं. या बरं वाटण्याचीच भीती वाटते.