न वाचलेलं पत्र

शुगर लँड, टेक्सस
१४ जुलै

ती. शोभावहिनींना एकनाथचा नमस्कार.

मी बरा आहे. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की नाही, कळलं नाही. झालं नसेल तर हे पत्र शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्या. बाळीकडून नको.

इथे उकाडा फार, पण अमित घर इतकं थंड ठेवतो की मी जुलैत स्वेटर घालून बसतो. पत्र पोचेल का, तिकिटं पुरतील का, याची धास्ती वेगळीच. अमित म्हणतो, "बाबा, सरळ फोन करा ना." फोनवर हे सांगता येणार नाही.

परवा दुपारी नात नीना कॉलेजच्या अभ्यासासाठी एक जुना सिनेमा बघत होती. महायुद्ध चालू असतानाच काढलेला, काळापांढरा. अमेरिकन शिपाई पॅसिफिकमधल्या एका बेटावर जपान्यांशी लढतात. मला इंग्रजी कळत नाही, पण चिखल कळला, एकाच काडीवर पेटवलेल्या सिगारेटी कळल्या. नीना म्हणाली, "आजोबा, हा प्रोपगंडा आहे. सिरियसली घेऊ नका."

मग एक शिपाई दिसला, डोळ्यांना पट्ट्या. दुसरा त्याला घरचं पत्र वाचून दाखवत होता. कॅमेरा मागून फिरला.

"ओ माय गॉड, पेपर ब्लँक आहे! तो मनाने सांगतोय!"

मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून बसलो. "बीपीची गोळी घेतली का?" ती दाराबाहेरून विचारत राहिली. तेव्हापासून कुठलीही पांढरी भिंत बघवत नाही.

वहिनी, एकाहत्तरच्या लढाईत राजारामदादा गेले, तेव्हा मी घरी येऊन सांगितलं की तुमचं पत्र त्यांच्या मागून पोचलं. ते खोटं होतं. पत्र आदल्या दिवशी आलं होतं. दादा तंबूत होते. पोटात जखम, डोळ्यांना पट्ट्या.

पलटणीत मी सातवी पास म्हणून मिरवायचो. शिकलो तिसरीपर्यंत. छापील जमायचं, तुमचं जोडून लिहिलेलं अक्षर लागेना. दादा म्हणाले, "वाच की लेका! परत शाळेत घालू का तुला?" बाजूचे जखमी हसले. मी कागद वर धरला आणि ठोकून दिलं, मुलगा झाला, दोघंही खुशाल.

दादांनी माझं मनगट धरलं. "आबांचं नाव ठेवायला कळव." मग म्हणाले, "आणि मुलगी असती तर रे?"

"आता मुलगा झालाय की, दादा."

"तरी सांगून ठेवतो." त्यांनी नाव सांगितलं. सकाळी गेले.

तुमचं पत्र मी एकेक अक्षर लावत चार दिवसांनी वाचलं. मुलगी झाली, नाव तुम्हीच कळवा, तोवर बाळी म्हणते.

कुठल्या तोंडाने सांगणार होतो? तुम्ही म्हणालात, ज्याने नाव ठेवायचं तो गेला, आता बाळीच. शाळेच्या दाखल्यावर बाळी, लग्नपत्रिकेत बाळी. दर दिवाळीला ती फोन करते. "एकनाथकाका, मी झाल्याचं बाबांना कळलंच नाही ना?" मी म्हणतो, नाही पोरी. चौपन्न वर्षं हेच म्हणतो आहे.

सिनेमातला तो पट्टीवाला शेवटी हसतो. का हसला, म्हणून नीनाला विचारलं. "त्याला माहीत होतं, आजोबा. ऑब्व्हियस आहे." दादांनाही माहीत होतं का, वहिनी? माझ्या मनगटावरची पकड तर सुटली नव्हती.

तुमचं पत्र सोबत घातलं आहे. इतकी वर्षं पेन्शनच्या कागदांखाली होतं. इकडे येताना विमानात खिशात ठेवलं होतं.

मास्तर, तुम्ही वाचत असाल तर इथे थांबा. पुढचं बाळीने वाचावं, मोठ्याने, आईला ऐकू जाईल असं.

पोरी, तंबूत पडल्या पडल्या तुझे बाबा ज्या नदीचं पाणी ऐकत होते, तिचं नाव त्यांनी तुला दिलं होतं. मेघना.

तुम्हा दोघींचा अपराधी,
एकनाथ