टाकीजसमोर विकायच्या लाह्या

५ ऑगस्ट १९५६, रविवार
आजपासून लिहून ठेवाचं ठरवलं. चौथी शिकली, ते वाया काऊन घालवू.
पत्रू परवा बल्लारपूरले परत गेला. मिलमध्ये कामाले आहे. सांगत होता, मिलजवळ तंबूतली टाकीज आली. खेळ सुटला का लोक खायले मागतात, आन् भजेवाला एकच. मी जागच्या जागी म्हटलं, मी येते, मक्याच्या लाह्या विकते. पोट्टा हासला. म्हणे, माय, खोली एवढीशी, माझ्याशिवाय एकच माणूस मावते. पोळ्याले येतो, लाह्या खाऊन पाहतो, मग पाहू कोणाले न्याचं ते.
कोणाले म्हणजे मलेच. सोनी त्याची बायको आहे, पण तिचं तिथं काय काम?
लगन झाल्यापासून मी या नाक्यावर आहे. आमचे हे जंगलखात्यात नाकेदार. एक क्वार्टर, एक लाकडी फाटक, चार घरांचं गाव, बाकी सगळा सागवान. पावसाळ्यात नाला भरला का फाटकापर्यंत कुत्रं येत नाई. पोळा झाला का मी इथं दिसणार नाई. ठरलं.

७ ऑगस्ट, मंगळवार
रेतीतला प्रकार.
चुलीवर टांगलेल्या टोपलीतला मका काढला. दोन साल धुरात वाळलेला. कीड नाई, दगडासारखा खणखणीत. असा मका बल्लारपूरवाल्यानं पाहिला नसन. खापरात रेती तापवली, मका टाकला. भाजला, फुटला नाई. चार दाणे फुटले, ते उडून चुलीत पडले. म्हणजे पद्धत बरोबर आहे, रेती खराब. नाल्याची रेती, अर्धी माती.
हे म्हणाले, दाणा लय वाळला का फुटत नाई, अंगात थोडी ओल लागते.
मी म्हटलं, तुम्ही फाटक उघडा आन् लावा.

१० ऑगस्ट, शुक्रवार
काल संध्याकाळी मक्यावर पाण्याचा हबका मारून झाकून ठेवला. यांनी सांगितलं म्हणून नाई. माझ्या मनात होतंच.
सकाळी पाहते तं सोनीनं सगळा मका पुन्हा चुलीवरच्या टोपलीत टाकलेला. म्हणे, आत्याबाई, ओला ठेवला तं बुरशी नाई का धरणार? तुमची मेहनत वाया जाईन ना.
शिकली म्हणा पोरगी. नांदाले आली तवा फुंकणी कुठून फुंकाची ते कळत नव्हतं. मी म्हटलं, मी रोज हबका मारन, तू रोज वाळवत जा. दोघींचं लक्ष राहीन.
आज मिठात भाजला. मीठ तडतडलं, मका गप. सोनी म्हणे, आवाज तं मस्त आला, आत्याबाई.

११ ऑगस्ट, शनिवार. नागपंचमी
आज चुलीवर तवा चढत नाई. पण पोळा जवळ येऊन राह्यला, नागोबा काही मले बल्लारपूरले नेणार नाई. विचार केला. तवा लोखंडाचा, खापर मातीचं. म्हणजे खापराले मनाई नाई. सोनीले म्हटलं, तू दाराकडे तोंड करून बस.
खापर मधोमध उललं. रेती चुलीत, चूल विझली, उकडाले ठेवलेली कणकेची फळं कच्ची. हे कच्चीच खाऊन उठले. सोनी म्हणे, कोप झाला. मी म्हटलं, कोप कायचा, खापर जुनं होतं.
संध्याकाळी दोनदा वारुळाकडे हात जोडले. ते वेगळ्या कारणानं.

१६ ऑगस्ट, गुरुवार
तेलातला प्रकार. पितळी गंजात जवसाचं तेल, वरून झाकण, झाकणावर वरवंटा. लाह्या उसळल्या तं झाकण उडू नये म्हणून.
झाकण जागचं हाललं नाई. धूर एवढा झाला का हे फाटकावरून आग झोडपाले हिरवी डांग घेऊन पळत आले. म्हणे, वणवा लागला. भर श्रावणात वणवा! असा माणूस जंगल सांभाळते.
गंज घासून घासून सोनीचे हात गेले. तरी गाणं म्हणत होती.

२३ ऑगस्ट, गुरुवार
पाऊस. नाला फाटकाच्या खुंटापर्यंत. पलीकडे जाता येत नाई, अलीकडे बसवत नाई. एक खोली, एक पडवी, आम्ही तिघं आन् धूर. भिंतीले ओल, गोधडीले ओल, मिठाचं पाणी झालं. साऱ्या घरात कोरडा एकच, माझा मका. सोनी एवढं लक्ष देऊन वाळवते का विचारू नका.
आज सोनीले विचारलं, मी गेल्यावर यांना टाइमावर जेवण देशीन ना? तं म्हणे, आत्याबाई, तुम्ही गेल्या तं या जंगलात मी कोणाचं तोंड पाहू? मी म्हटलं, मी इतकी सालं कोणाचं पाह्यलं? तिच्या हातून ताट पडलं. ओल्या हातानं निसटलं असन.
तिचा चेहरा उतरला होता. माझ्याशिवाय करमणार नाई तिले.

२९ ऑगस्ट, बुधवार
राखेतला प्रकार. नाई.
पुन्हा रेतीतला, नव्या खापरात. नाई.
ठरवलं का आता रोज रोज फोडाचा नाई. मका थकते. ऐन वेळेले ताजा राह्यला पाह्यजे.

२ सप्टेंबर, रविवार
नाला उतरला. माझं गाठोडं तयार. दोन लुगडी, झारा, नवं खापर.
सोनीले सारं समजावून दिलं. कोंबड्या सांजेले झाका. यांच्या पोळीवर तेल कमी. रेंजरसाहेब आले तं चहात साखर जास्त. ती हो हो करत होती. मी म्हटलं, लिहून देऊ का? म्हणे, नोका लिहू आत्याबाई, कोण वाचणार.
टाकीजवाल्याले सांगणार, खेळ चालू असताना मी फोडणार नाई. आवाजानं लोक पडदा सोडून माझ्याकडे पाहतीन.

४ सप्टेंबर, मंगळवार. पोळा
पत्रू आला. गावातले बैल पूजून झाले, मी चूल पेटवली. यांना, पत्रूले, सोनीले समोर बसवलं. रेती तापली, मका टाकला.
पत्रूनं एक दाणा तोंडात घातला आन् गाल धरून बसला. मी म्हटलं, थांब, अजून रंगात नाई आला. थांबला. मका काळा झाला.
मग सोनी उठली. म्हणे, मी पाहू का? पाण्याच्या रांजणामागून फडकं बांधलेलं गाडगं काढलं. मूठभर दाणे गंजात टाकले, झाकण ठेवलं. आधी एक वाजला. मग दोन. मग असा धडाका का झाकण उचलून पांढऱ्या लाह्या खोलीभर. हे बी उठून वेचाले लागले. पत्रू दोन्ही हातानं खात होता.
मी विचारलं, हा मका कुठला?
म्हणे, तुमचाच आत्याबाई. तुम्ही हबका मारत होत्या ना, त्यातला मूठ मूठ मी वाळवाच्या आधी काढून ठेवत होती.
मी म्हटलं, पाहा! म्हणजे पद्धत माझीच.
पत्रू म्हणे, हो माय, पद्धत तुझीच. पण फोडाले सोनीले नेतो.
सोनीचं गाठोडं बांधलेलंच होतं. कधी बांधलं कोण जाणे.

५ सप्टेंबर, बुधवार
दोघं गेले. मीच पाठवलं. म्हटलं, नवरा-बायकोनं एका जागी राहावं. ते फाटकाच्या पलीकडे गेल्यावर म्हटलं, पण म्हटलं. नवं खापर बी देऊन टाकलं.
खरं पाह्यलं तं मी जाऊच शकत नव्हती. यांचं कोण करणार? या माणसाले मीठ कुठी ठेवलं ते ठाऊक नाई. मनात हे आधीपासून होतं.
जेवताना यांना विचारलं, मी गेली असती तं तुमच्या पोटाचं काय झालं असतं? सोनीच्या हातचं तुम्हाले गोड लागत नाई.
हे म्हणाले, गावातल्या सोमाजीच्या घरी बोलून ठेवलं होतं. त्याची बायको दोन्ही वेळचं रांधून देणार होती. आता जाऊन नाई म्हणून सांगा लागते.
उठले, हात धुतले, छत्री घेतली. फाटकापाशी किती वेळ तसेच उभे होते. तोंड पार उतरलं होतं.
माझं जाणं हुकलं, त्याचंच दुःख असन.