सिरीजमधला बल्ब

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. फ्रीगंजमधल्या आपल्या मोटर वायंडिंगच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. लाकडी फळीवरचा तुमचा बल्ब मात्र माझ्याकडे आहे. काल तो भैरवगढला नेला.

तिथे कापडावर छपाई करणाऱ्या एका चाचींच्या विहिरीवर सोलर पंप आहे. ढग आला की मोटर बंद पडे, सरला की झटक्याने उठे, पुन्हा बंद. म्हणून उन्हाप्रमाणे तिचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर मी बनवला. चार महिने लागले. काल तो जोडला तेव्हा छापलेले तागे हौदात पडून होते. "जल्दी करो बिटिया, आज धुलाई न हुई तो सब पर दाग बैठ जाएँगे," चाची म्हणाल्या. माझा हात स्विचवर होता.

दुकानातल्या त्या दुपारीही तो असाच स्विचवर होता. मी कॉलेजातून पहिल्या सुट्टीत आले आहे, आणि तुम्ही पिठाच्या चक्कीच्या मोटरमध्ये नवी तार भरली आहे. जेवायला जाताना तुम्ही म्हणता, "टोकं जोड, पण आधी बल्ब सिरीजमध्ये लाव. चमकून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर लाइन द्यायची नाही." मी त्या बल्बला हसायचे. एक टोक चुकलं, आणि मी थेट लाइन दिली. दुकानभर जळक्या वार्निशचा वास.

"मुझसे जल गई भैया, फिर भर दूँगा," तुम्ही चक्कीवाल्याला सांगितलंत. "काका, अब चश्मा बदलो, नहीं तो धंधा बदलो," तो म्हणाला. तुम्ही हसलात. मी मागे तार गुंडाळत उभी होते. त्यानंतर बाजारात बोललं जाऊ लागलं की काकांचा हात गेला. कामं कमी झाली. मला तुम्ही कधीच काही बोलला नाहीत. शेवटच्या वर्षाला परत निघाले तेव्हा बॅगेत बल्ब निघाला, जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेला.

काल मी हात मागे घेतला. पॅनेलचा व्होल्टेज जास्त, म्हणून तुमच्या बल्बला आणखी एक जोडला आणि स्विच दाबला. दोन्ही भगभगत राहिले. कंट्रोलर उघडला. आत सोल्डरच्या एका थेंबाने दोन टोकं चिकटली होती. ती सोडवली. आता बल्ब चमकून मंद झाले. ते काढून मोटर लावली. ती सावकाश उठली. थोड्या वेळाने ढग आला. पाण्याची धार बारीक झाली, तुटली नाही.

चाचींनी हौदाच्या काठावर बसून सगळं पाहिलं होतं. "ये बल्ब वाली बात किसने सिखाई?"

"कॉलेज में," मी म्हणाले.

हा कागद त्याच धोतराच्या तुकड्यात ठेवते आहे. धुलाई संध्याकाळपर्यंत चालली, बाबा. मी तिथेच बसले होते. खरं सांगायला वेळ भरपूर होता.