म्हैस नसलेल्या घरी रेडकू

बारामती,
९ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

नमस्कार. आम्ही इकडं खुशाल. दाजी आणि सार्थक मजेत असतील. तुझा घसा ठणठणीत आहे, ते शनिवारी साऱ्या ऑफिसनं ऐकलंच.

आधी त्या मेसेजचा उलगडा करतो. आम्ही एका दूध संघासाठी मोबाइल ॲप बनवतोय. संघाचा कॉम्प्युटर अजून आमच्याशी जोडलेला नाही, म्हणून त्याच्या जागी मी एक खोटा संघ उभा केलाय. ॲपनं काहीही विचारलं की हा तोतया ठरलेलं उत्तर देतो. शेतकरी खोटे, म्हशी खोट्या. मेसेज पाठवायची सोय मात्र चुकून खरी राहिली, आणि नमुन्याचा नंबर टाकताना बोटांनी तुझाच टाकला. मला पाठ असलेला तो एकच नंबर आहे. म्हणून दिवसभर तुला 'अभिनंदन! आपली म्हैस व्याली' असे मेसेज येत राहिले.

कंपनीचं नाव वाचून तू ओळखलंस आणि खालच्या नंबरवर फोन केलास. तो माझ्या शेजारच्या लखननं उचलला. स्पीकर चालू होता, हे तुला माहीत नाही. तू म्हणालीस, "आमच्यात म्हैस न्हाय. आन् तुमच्या त्या ऋषिराजला सांगा, खरी लेक झाली तवा एक मेसेज धाडाय बोटं झडली व्हती का?"

पोरं हसली. मीही हसलो, मग पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेलो.

अक्का, माझ्या लग्नात मानाची साडी अनिताच्या मावशीला आधी मिळाली, तुला नंतर. तेवढ्यावरून दोन वर्षं अबोला धरणारी तू, आणि तो धरू देणारा मी. आईच्या पदरी दोन्ही नग सारखेच पडले. लेक झाली तेव्हा फोन हातात घेतला होता गं. तू उचलला नसतास तर? खोट्या संघाची सगळी उत्तरं मी आधीच लिहून ठेवतो. तुझं कसं लिहिणार? घाबरलो आणि फोन ठेवून दिला.

पोर सव्वा महिन्याची झालीय. नाक तुझ्यावर गेलंय, तेही रागानं फुगतं. बारसं अनितानंच अडवून धरलंय. मावशी नाव सुचवायला पुढं झाल्या, तर ही म्हणाली, "कानात नाव सांगायला तिची आत्या हाय." तोवर सगळे नुसतं छकुली म्हणतात.

येत्या रविवारी पाळणा बांधतोय. लखन इंदापूरला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो. तो तुझ्याकडं निरवांगीला येईल. त्याच्याजवळ उत्तर देऊ नकोस. नाव घेऊन ये.

तुझ्या बिननावाच्या भाचीचा बाप,
ऋषिराज