अग्निशिखाची सही

सिंगापूर
४ मार्च, मंगळवार

प्रिय दमयंतीताई,

तिसरा कागद फाडून हा चौथा घेतला आहे. काकूंचा गुडघा कसा आहे? आम्ही तिघं बरे आहोत. जाईला बुकित तिमाहच्या शाळेत प्रवेश मिळाला. आमच्या इथे राहण्याच्या, काम करण्याच्या पासच्या नूतनीकरणाचे अर्ज गेले आहेत, उत्तर आलेलं नाही.

तुम्ही विचारलं होतं, तुमच्या मुकुलने सभेत म्हटलेली कविता कोणाची? त्या कवितेखालचं 'अग्निशिखा' हे टोपणनाव कोणाचं? कॉलेजच्या भित्तिपत्रकाचे आम्ही दोघं संपादक, तेव्हा मला ठाऊक असणार. मुकुल कोठडीत सांगतो, "कविता माझीच." पोलीस म्हणतात, सभा भडकवायला लिहिली. ती चौदा वर्षांपूर्वीची आहे असं खऱ्या कवीने लिहून दिलं, तर शुक्रवारी जामिनाला आधार मिळेल.

फोनवर मी म्हणाले होते, आठवून सांगते.

आज वर्गात रोमँटिक कवी होते. राज्यक्रांती, वादळाची चित्रं, तुरुंग. यांच्याच बंडखोरीवर माझा प्रबंध आहे, त्यावरच ही नोकरी मिळाली. ऋग्वेदा म्हणून एक विद्यार्थिनी आहे, आईवडील ठाण्याचे, ती इथलीच, बोलण्यात इथलं 'लाह'ही येतं. म्हणाली, "पण प्रोफ, जेलमध्ये दुसरेच गेले, लाह. हे तर परदेशात बसून लिहीत होते." वर्ग हसला. मीही हसले.

संध्याकाळी वरदला सांगितलं. तो चांगी विमानतळावरून नुकताच आला होता, बूटही काढले नव्हते.

"कविता तुझी," तो म्हणाला. "पास तिघांचा."

ताई, आठवायचं काही नव्हतंच. विसाव्या वर्षी असंच नाव सुचतं. घरी कळू नये म्हणून घेतलं. कोणाला सांगणार नाही, असा शब्द मुकुलने दिला होता. बावीस दिवस तो शब्द पाळतो आहे, आणि मी पाळू देते आहे.

भित्तिपत्रकावर लावण्याआधी प्रत्येक कागदामागे सर सही करून तारीख घालत. तो कागद माझ्याकडे आहे. इथे येताना पदव्यांच्या फाइलमध्ये ठेवून आणला होता.

क्षमा मागत नाही. तुम्ही भिडेखातर देऊन टाकाल.

अग्निशिखा,
म्हणजे अनघा

ता. क. बुधवार. सकाळी साडेनऊला पाया लेबारला नोटरीसमोर प्रतिज्ञापत्रावर सही केली. प्रत तुमच्या वकिलांना मेल केली, कवितेचा मूळ कागद या पत्रासोबत कुरिअरने येतो आहे. वरद बाहेर बाकावर बसला होता.